कुंपणापलीकडची आंब्याची बिअर

पहिली बाटली फुटली तेव्हा मी चहा गाळत होते. गॅरेजमधून असा आवाज आला की वाटलं, कुणीतरी गाडी थेट शटरवर घातली. दार उघडून पाहिलं तर जमिनीवर फेस, पॅशनफ्रूटचा आंबटगोड वास आणि समोरच्या भिंतीत काचेचा एक तुकडा सुरीसारखा रुतलेला. बरोबर माझ्या गळ्याच्या उंचीवर. थोड्या वेळापूर्वी मी त्याच भिंतीपाशी उभी राहून पिशवीतले कांदे निवडत होते.

नवरा संध्याकाळी कामावरून आला, त्याने पक्कड लावून तो तुकडा उपसून काढला आणि म्हणाला, "मेली असतीस की गं."

"तू प्यायला मागतोस म्हणून करते," मी म्हणाले.

"साधी बिअर कर. फळं कशाला घालतेस?"

साधी मला आवडत नव्हती, खरं कारण हेच. मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आमचं घर, आणि ऐन हिवाळ्यात त्या वर्षातला दुसरा लॉकडाऊन सुरू होता. मी ज्या ट्रॅव्हल एजन्सीत अकाउंट्स बघायचे ती बंद पडली होती. नवरा ट्रक चालवायचा, सुपरमार्केटचा माल पोचवायचा, त्यामुळे त्याचं काम उलट वाढलं होतं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, चर्चमधला रविवारचा मिस्साही टीव्हीवर बघायचा. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने घरी बिअर करायचं सगळं सामान देऊन टाकलं: एक मोठा प्लास्टिकचा ड्रम, माल्टच्या पाकाचा डबा, यीस्टची पाकिटं. पाक, साखर, पाणी ड्रममध्ये ढवळायचं, यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं आणि आंबू द्यायचं. पहिली बिअर पुठ्ठा भिजवून पिळल्यासारखी लागली. मग मी मागच्या अंगणात गेले. पत्र्याच्या कुंपणावर पॅशनफ्रूटचा वेल चढला होता. टोपलीभर फळं फोडली, गर काढला आणि दुसऱ्या खेपेला ड्रममध्ये ओतला. चव आली. पण त्याबरोबर ती बाटलीही फुटली.

चूक कुठे झाली ते नंतर शोधून काढलं. फळात साखर असते. यीस्ट ती खातं आणि गॅस सोडतं. ड्रममध्ये असताना गॅस वरच्या नळीतून निघून जातो. पण यीस्टचं खाणं संपायच्या आत तुम्ही बाटलीत भरून वर झाकण ठोकलंत, तर तो गॅस जाणार कुठे? थंडीत तर अजून वाईट. यीस्ट गारठून निजतं, बुडबुडे थांबतात, आपल्याला वाटतं झालं. ऊन पडलं की ते बाटलीत जागं होतं. तेव्हापासून मी काचेच्या बाटल्या सोडल्या, प्लास्टिकच्या घेतल्या, आणि ड्रम घरात हीटरच्या खोलीत आणून ठेवला.

कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला हे सगळं मीच सांगितलं.

तो पुण्याचा. एका आयटी कंपनीत टीम सांभाळायचा, चाळिशीच्या आतला, बोलायला एकदम मोकळा. वास आला म्हणून एक दिवस क्रेट पालथं घालून त्यावर चढला आणि कुंपणावरून डोकं काढून म्हणाला, "ताई, शिजतंय काय नक्की?" मी ग्लास भरून वरून दिला. मास्क खाली करून त्याने तो एका दमात संपवला. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःचं सामान मागवलं. त्याला आंब्याची करायची होती. आमच्याकडच्या इंडियन दुकानात हापूसच्या गराचे डबे मिळतात, ते त्याने खोकंभर आणले.

"त्या गरात वरून साखर असते हं," मी म्हणाले. "बुडबुडे थांबले तरी थांब. आणि काच नको वापरू."

"हो ताई, नो वरीज. दिवाळीला तुम्हाला पहिली बाटली."

मला तो आवडायचा, हे सांगायलाच हवं. मीटिंगमध्ये त्याचा आवाज खिडकीतून ऐकू यायचा, मऊ, हसरा, 'थँक्स मेट' म्हणणारा. त्याच घरातला दुसरा आवाज मी बरेच दिवस टीव्हीचा समजत होते.

त्याची बायको कोल्हापूरकडची. लग्नानंतर त्याच्या व्हिसावर आलेली. आमच्या ओळखी व्हायच्या आत लॉकडाऊन लागलं, त्यामुळे मी तिला लांबूनच पाहिलेलं: काळे दाट केस, चालताना मान खाली. सहा वर्षांची मुलगी होती, तिची शाळा लॅपटॉपवर. एका दुपारी त्याची बायको कपडे वाळत घालत होती, आणि स्वतःच्याच अंगणात तिच्या तोंडावर मास्क होता. मी कुंपणाच्या दोन पत्र्यांमधल्या रुंद फटीशी गेले.

"अगं, घरात कशाला मास्क? काढ की, जरा हवा लागू दे."

ती चिमटे लावत राहिली. वारा जोराचा होता. चादर फडफडत तिच्या तोंडावर आली आणि मास्कची एक दोरी निसटली. खालचा ओठ दुभंगला होता. त्यावर काळी खपली धरलेली, आणि हनुवटीपर्यंत पिवळा-हिरवा डाग.

"कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली.

वसईला माझ्या आत्याचं घर आमच्या घराला लागून होतं. आत्या जांभळाची वाइन करायची, बरणीला फडकं बांधून ठेवायची आणि नाताळला उघडायची. सगळ्या गावाला ती वाइन माहीत. तिचा नवरा ती प्यायचा आणि तिलाच मारायचा. त्या आवाजात किंकाळी नसायची. ओल्या पिठावर थाप मारावी तसा आवाज, आणि मधेमधे भांडं. आई उठून रेडिओ मोठा करायची. आत्याच्या घरीही कपाटाचं दार फार वेळा लागायचं.

मी कुंपणाच्या फटीशी तोंड नेलं. "माझा नंबर घे. फोन करता आला नाही तर या पत्र्यावर काहीतरी आपट. चमचा आपट, डोकं आपट, काहीही आपट. मी येईन."

"तुम्ही त्यांना काही बोलू नका," ती म्हणाली. "तुमचं ते ऐकून घेतील. नंतर माझं काही खरं नाही."

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं. त्याने पोलिसांना फोन केला. दोन पोलीस आले, दारातच बोलले आणि गेले. तिने काही घडलं नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा हात खांद्याच्या वर उचलला जात नव्हता. कपडे दोरीवर न टाकता ती खुर्चीवर पसरत होती.

मग ऑक्टोबरात एकदम ऊन पडलं. मेलबर्नचं असंच असतं, काल स्वेटर आणि आज उत्तरेकडून भट्टीसारखा वारा. दुपारी मी भात लावला होता. धाड्. मी गॅरेजकडे धावले. माझ्या बाटल्या शाबूत. धाड्, धाड्. आवाज पलीकडून येत होता, पत्र्यावर काहीतरी आदळत होतं. ती बोलावते आहे की बाटल्या फुटताहेत, हे मला कळेना. मग वाऱ्यावर आंब्याचा वास आला, पिकून सडायला लागलेल्या आंब्याचा, आणि त्याच्या मागून त्याचा आवाज. मीटिंगमधला नव्हे.

"कुणी सांगितलं होतं तुला उन्हात ठेवायला? कुणी सांगितलं?"

मी गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. बाजूच्या फाटकातून धावत त्यांच्या मागच्या अंगणात शिरले. गॅरेजचं मागचं दार उघडं होतं. नंतर कळलं की गॅरेज आवर असं त्यानेच तिला सकाळी सांगितलं होतं. तिने क्रेट ओढून दाराशी ठेवले, आणि दुपारचं ऊन नेमकं तिथे आलं. तो मोठ्या साहेबांशी मीटिंगमध्ये होता, टीममधल्या माणसांना काढायची चर्चा चालली होती. पहिल्या स्फोटाला पलीकडून कुणीतरी विचारलं म्हणे, तुमच्याकडे गोळीबार चाललाय का, आणि सगळे हसले.

जमिनीवर पिवळा फेस घोट्यापर्यंत होता, त्यात काचा. त्याने तिचे केस मनगटाभोवती गुंडाळले होते आणि तिला त्या फेसातून ओढत होता. ती गुडघ्यांवर होती. गुडघ्यांमागे फेस लाल होत चालला होता. ती ओरडत नव्हती. दर वेळी तो तिचं डोकं फ्रीजरच्या कडेवर आपटायचा तेव्हा तिच्या तोंडातून नुसती हवा निघायची.

"सोड तिला," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. मला वाटलं होतं लाजेल. लोक बघताहेत म्हटल्यावर माणसं थांबतात, असा माझा समज होता.

"ताई, घरी जा. हा आमचा मामला आहे."

"सोड म्हणते ना!"

मी पुढे होऊन त्याचा हात धरला. त्याने मला दुसऱ्या हाताने असं झटकलं की मी पाठीवर पडले. डाव्या कोपराखाली काच घुसली. दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. तो माझ्याकडे वळला, एक लाथ बरगडीत बसली, श्वासच बंद झाला. दुसरी लाथ यायच्या आत ती त्याच्या पायाला मिठी मारून बसली. मग तो तिच्यावर वळला. तिच्या मानेवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड फेसात दाबलं.

तिचे हात जमिनीवर फडफडत होते. ते हळू होत गेले. तेवढं मला दिसलं.

माझ्या हाताशी क्रेट होतं. त्यातल्या ज्या बाटल्या फुटल्या नव्हत्या त्या फुगून बसल्या होत्या, जाड काचेच्या, भरलेल्या. मी एक मानेशी धरून उचलली आणि पूर्ण ताकदीने त्याच्यावर मारली. डोक्यावर मारायची होती. खांद्यावर, मानेच्या मुळाशी लागली. ती नुसती फुटली नाही, तिचा स्फोट झाला. माझ्या उजव्या तळव्यात काहीतरी आरपार गेलं. डोळ्यांत बिअर गेली. दिसायला लागलं तेव्हा तो बसला होता, फ्रीजरला टेकून, आणि त्याच्या मानेतून रक्त ठोके घेत बाहेर येत होतं. शर्टाची बाही, छाती, सगळं भराभर भिजत होतं.

ती खोकत होती. जिवंत होती.

मग मी जे केलं ते विचार करून केलं नाही. त्याच्याजवळ गेले, माझी ओढणी गोळा करून त्याच्या मानेवर दाबली आणि त्यावर अंगाचा भार टाकला. माझ्या तळव्यातलं रक्त आणि त्याचं रक्त एकच झालं. आताच ज्या माणसाने मला लाथ मारली, त्याच्या तोंडापासून माझं तोंड वीतभर अंतरावर. त्याचे दात वाजत होते. "ताई," तो म्हणाला, "ताई, सोडू नका."

"फोन लाव," मी तिला म्हणाले. "ट्रिपल झीरो लाव, अँब्युलन्स बोलाव."

तिने भिंतीला धरून उभं राहत त्याचाच फोन गॅरेजमधल्या टेबलावरून उचलला. आणि उभी राहिली. फोन हातात, ओल्या केसांतून बिअर गळतेय, आणि ती त्याच्याकडे बघतेय. तो तिच्याकडे बघतोय. मागे उन्हात अजून एक बाटली फुटली, आम्ही तिघंही दचकलो, तरी ती तशीच.

"लाव गं."

ती बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. दुकानात वस्तू हातात घेऊन घ्यावी की ठेवावी असा विचार करतात, तशी ती बघत होती.

"हा मेला तर मला तुरुंगात टाकतील," मी ओरडले. "माझ्यासाठी लाव!"

तेव्हा तिने लावला. इंग्रजीत बोलताना ती एरवी अडखळायची असं तो हसून सांगायचा. त्या दिवशी अडखळली नाही. "माय हजबंड इज ब्लीडिंग," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती थोडी थांबली. "ही वॉज किलिंग मी," ती म्हणाली. "येस. टुडे. येस, बिफोर ऑल्सो."

घरातून मुलगी आली नाही. ती वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून शाळेत होती. पोलीस वर गेले तेव्हा तिने त्यांना विचारलं, "इज इट लंच नाऊ?"

अँब्युलन्सवाले निळे गाऊन, चष्मे, मास्क घालून आले. रक्तात बसलेल्या तिघांना त्यांनी आधी दारातूनच विचारलं, कुणाला ताप, खोकला, घसा दुखतोय का. बायको म्हणाली, "मला आहे खोकला," कारण फुप्फुसात बिअर गेली होती. मला हसू फुटलं. ते हसू थांबेना, बरगडी मोडलेली, प्रत्येक हसण्याला कळ येत होती, तरी थांबेना.

तो वाचला. शिरेला मोठी चीर होती, पण दाब वेळेवर मिळाला असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या तळव्यातल्या दोन नसा जोडल्या, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. हॉस्पिटलमध्ये नवऱ्याला आत सोडलं नाही. तो पार्किंगमध्ये ट्रकमध्ये बसून फोनवर माझ्याशी बोलत राहिला आणि मधेच गप्प झाला की मला कळायचं, हा रडतोय.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. बाटली का उचललीत, कुठे मारायचा हेतू होता. मी सांगितलं, डोक्यावर. जबाब घेणाऱ्या पोलीस बाईने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. वकिलाने नंतर मला झापलं, पण मला दुसरं काही सांगता येत नव्हतं. शेजारणीच्या जबाबासाठी फोनवर मराठी दुभाषी बाई होती. त्या बाईलाच मधे दोनदा पाणी प्यायला थांबावं लागलं, असं ती सांगते. माझ्यावर गुन्हा लावला नाही. त्याच्यावर लागला. कोर्ट स्क्रीनवर झालं, तो एका चौकोनात, ती दुसऱ्या, आणि त्याला तिच्यापासून आणि मुलीपासून लांब राहायचा हुकूम झाला. नंतर शिक्षाही झाली, त्याने जितकं मोडलं होतं त्या मानाने लहानशी.

ती आणि मुलगी सुरुवातीला आमच्याकडे राहिल्या. पलीकडचं घर बंद, किल्ली पोलिसांकडे, आणि गॅरेजमध्ये उरलेले क्रेट तसेच. ऊन तापलं की आतल्या आत एक बाटली फुटायची. आम्ही दोघी सिंकपाशी उभ्या असायचो, मी एका हाताने भांडी विसळायचे, ती पुसायची. धाड् झालं की दोघींच्या हातातून काहीतरी पडायचं. माझ्या घरातल्या निम्म्या काचेच्या वाट्या त्या आठवड्यांत फुटल्या. शेवटी घरमालकाने माणसं पाठवली. जाड हातमोजे आणि हेल्मेट घालून त्यांनी ते साफ केलं.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. आमच्या भागातल्या मराठी ग्रुपवर एकाने लिहिलं की बाईमाणूस घरात दारू गाळायला लागल्यावर दुसरं काय होणार. शेजाऱ्याच्या आईचा पुण्याहून फोन आला. मला वाटलं, सुनेची चौकशी करतील.

"माझ्या लेकाचा गळा कापलास," त्या म्हणाल्या. "सडेल तुझा हात. किडे पडतील त्यात."

"तुमची सून जिवंत आहे, आजी," मी म्हणाले.

"ती मेली असती तर बरं झालं असतं." आणि फोन ठेवला. ती माझ्या शेजारी बसून मुलीची वेणी घालत होती. स्पीकर चालू होता. तिने वेणी पूर्ण केली.

पुढे ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला गेली, चाइल्डकेअरमध्ये लागली, गाडी शिकली. निर्बंध उठल्यावर मी तिच्याकडे गेले. तिने कांदेपोहे केले होते, मुलगी इंग्रजीत शाळेच्या गोष्टी सांगत होती. मुलगी बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमचा मला कधी कधी खूप राग येतो."

"का गं?"

"तुम्ही दाबून धरलंत म्हणून."

खरं म्हणजे ओढणी धरली असताना, ती फोन घेऊन उभी होती तेव्हा, माझ्याही हाताला सोडून द्यावंसं वाटलं होतं. एक क्षण हात हलका झालाही होता. ते मी तिला सांगितलं. ती उठली, माझ्या बशीत अजून पोहे घातले आणि म्हणाली, "खा. बारीक झालात."

त्याला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, शेजारच्या ट्रुगानिना भागातल्या इंडियन दुकानात, डाळींच्या रांगेत. केस वाढवून त्याने मान झाकली होती. त्याने मला ओळखलं, आणि सवयीने असेल, चेहऱ्यावर ते जुनं मोकळं हसू आलं. "ताई," तो म्हणाला, "कशा आहात?"

मला भीती वाटेल असं मला वाटायचं. भीती वाटली नाही. माझा डावा हात आपोआप बाजूच्या फळीवर गेला, तिथे राईच्या तेलाच्या काचेच्या बाटल्या होत्या, आणि एकीच्या मानेभोवती बोटं आवळली. त्याने ते पाहिलं. हसू गेलं, ट्रॉली तिथेच सोडून तो दाराकडे चालता झाला.

मी बाटली जागेवर ठेवली. नवरा मागून पीठ घेऊन आला, विचारलं, "कोण होता?"

"शेजारी होता आपला," मी म्हणाले. आणि आम्ही बिलाच्या रांगेत उभे राहिलो.